दर सोमवारी पूर्ण यादी येते, त्यात नवी दुकानं कोणती?

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटजवळच्या एका औषध वितरकाकडे काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. कंपनीकडून त्यांना दर सोमवारी किरकोळ औषध दुकानांची पूर्ण यादी एक्सेलमध्ये येते, चार हजारांच्या वर ओळी. मागच्या आठवड्यानंतर कोणती दुकानं वाढली हे कंपनी वेगळं सांगत नाही, आणि ओळींचा क्रमही दर वेळी बदललेला असतो. दुकानाच्या नावावर व्हीलुकअप (दुसऱ्या यादीत नाव शोधणारा एक्सेलचा फॉर्म्युला) लावला की शेकडो ओळींत एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही', येतं, पण तपासलं तर त्यातली बहुतेक दुकानं जुनीच निघतात. शेवटी दोन्ही याद्या शेजारी लावून डोळ्यांनी बघत बसावं लागतं. यातून सुटका कशी करायची?

ताई, सुटका होते. एकदा घडी बसली की सोमवारचं हे काम चहा गार व्हायच्या आत उरकतं. पण फॉर्म्युल्याकडे वळण्याआधी एक गोष्ट ठरवा: या यादीतलं दुकान आणि त्या यादीतलं दुकान एकच आहे, हे तुम्ही कशावरून म्हणणार? ज्या कॉलमवरून हे ठरतं त्याला मी पुढे ओळख-कॉलम म्हणेन. एन/एची रांग लागते ती बहुतेक वेळा हा कॉलम चुकीचा निवडल्यामुळे किंवा तो अस्वच्छ असल्यामुळे. व्हीलुकअपचा त्यात फारसा दोष नसतो.

दुकानाचं नाव ओळखीसाठी कधीही घेऊ नका. साई मेडिकल परळला आहे, दहिसरला आहे, मुलुंडला तर पूर्वेलाही असेल आणि पश्चिमेलाही. उलट एकाच दुकानाचं नाव एका आठवड्यात 'मेडिकल', दुसऱ्या आठवड्यात 'मेडिकल स्टोअर्स' आणि तिसऱ्या आठवड्यात 'मेडिकल अँड जनरल' असं येतं. पत्त्याची तऱ्हा त्याहून वाईट. दादर पश्चिम कुणी पूर्ण लिहितो, कुणी नुसतं एक अक्षर लावतो, कुणी कंसात टाकतो. मोबाइल नंबर बरा वाटतो, पण एका मालकाची तीन दुकानं असली की तिन्हींपुढे एकच नंबर दिसतो.

तुमच्या यादीत कंपनीनं दिलेला ग्राहक-कोड असेल तर डोळे मिटून तो घ्या. तो नसेल तर औषध परवान्याचा क्रमांक. औषधं परवानाधारकालाच विकायची असतात, त्यामुळे तो प्रत्येक ओळीत असायलाच हवा. जीएसटी क्रमांक दुसऱ्या पसंतीचा. तो पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो, त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. साचा पक्का असल्यानं चुकीचा टाइप केलेला क्रमांक चटकन पकडता येतो. पण राज्यातल्या चार शाखांना मिळून एकच जीएसटी क्रमांक असू शकतो, आणि नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानापुढे तो रकाना रिकामाच राहतो. म्हणून पडताळ्यासाठी तो उत्तम, ओळखीसाठी परवाना जास्त भरवशाचा.

परवान्याच्या क्रमांकातही एक अडचण आहे, ती आधीच सोडवून ठेवा. किरकोळ औषध दुकानाकडे सहसा २० आणि २१ अशा दोन नमुन्यांतले परवाने असतात. याद्यांमध्ये हे दोन्ही क्रमांक एकाच सेलमध्ये स्वल्पविराम देऊन कोंबलेले असतात, आणि एका आठवड्यात वीसचा आधी तर पुढच्या आठवड्यात एकवीसचा आधी. माणूस बघून ओळखतो, एक्सेल नाही. तेव्हा 'टेक्स्ट टू कॉलम्स' वापरून सेल फोडा आणि वीसच्या नमुन्याचा क्रमांक तेवढा ओळख-कॉलममध्ये घ्या.

आता स्वच्छता. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण वाया जाणारे तास इथेच जातात. मूळ कॉलमला हात लावायचा नाही, त्याच्या शेजारी मदतीचा एक नवा कॉलम घ्यायचा आणि त्यात साफ केलेला क्रमांक आणायचा. परवाना क्रमांकात कुणी आडवी रेघ टाकतो, कुणी तिरकी, कुणी मध्ये जागा सोडतो. सबस्टिट्यूट (एका चिन्हाच्या जागी दुसरं आणणारा फॉर्म्युला) एकात एक घालून या तिन्ही गोष्टी काढून टाका, बाहेरून अपर लावून सगळी इंग्रजी अक्षरं मोठी करा. शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप केलेला असेल तर तोही इथेच बदलता येतो. फक्त क्रमांकाच्या ज्या भागात खरोखरची अक्षरं येतात तो भाग सोडून.

'मी ट्रिम (जास्तीच्या जागा काढणारा फॉर्म्युला) लावला, तरी जुळत नाही,' ही तक्रार मी सतत ऐकतो. त्याचं कारण जवळून बघण्यासारखं आहे. एखादी न जुळणारी ओळ घ्या आणि दोन्ही याद्यांतल्या त्या सेलवर लेन (अक्षरं मोजणारा फॉर्म्युला) चालवा. इंग्रजीत लिहिलेलं साई मेडिकल मधली जागा धरून ११ अक्षरांचं होतं. जुन्या यादीत ११ आलं आणि नव्या यादीत १२, तर शेवटी काहीतरी न दिसणारं चिकटलेलं आहे. ट्रिम लावूनही १२ च राहिलं, तर ती साधी जागा नाही, बहुधा १६० क्रमांकाची 'न तुटणारी' जागा आहे. वेबपेजवरून किंवा एखाद्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टवरून उचललेल्या मजकुरात ती हमखास येते. ट्रिम फक्त ३२ क्रमांकाची साधी जागा काढतो, हिला तो शिवतसुद्धा नाही. सबस्टिट्यूटमध्ये युनिकार (क्रमांकावरून चिन्ह देणारा फॉर्म्युला) १६० देऊन तिच्या जागी साधी जागा आणा, मग ट्रिम लावा. सेलमध्ये ओळ तोडलेली असेल तर क्लीनही लावा. कुठल्याही न जुळणाऱ्या ओळीवर आधी लेन चालवायचा, ही सवय लावून घ्या. निम्मे घोळ तिथेच कळतात.

दुसरा घोळ संख्या आणि मजकूर यांचा. एका फाइलमध्ये ग्राहक-कोड संख्या म्हणून बसलेला असतो, दुसरीत तोच मजकूर म्हणून. कुणी कॉलम मधोमध केलेला नसेल तर संख्या सेलच्या उजव्या कडेला सरकते आणि मजकूर डावीकडे राहतो, म्हणजे नजरेलाही कळतं. व्हीलुकअप आणि मॅच (यादीतली जागा शोधणारा फॉर्म्युला) संख्या आणि मजकुराला वेगळं मानतात, आणि तुमचे जुने ग्राहक 'नवे' म्हणून वर येतात. दोन्ही बाजूंच्या मदतीच्या कॉलममध्ये क्रमांकाला शेवटी रिकामं अवतरण (&"") जोडलं की दोन्ही मजकूर होतात. पण सुरुवातीची शून्यं आधीच उडाली असतील तर ती अशी परत येत नाहीत. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक करून उघडली की हमखास हेच होतं. मुंबईचा लँडलाइन ०२२ नं सुरू होतो, तो नुसता २२ होऊन बसतो. अशी फाइल डेटा टॅबमधून आत आणा आणि तो कॉलम मजकूर आहे असं तिथेच सांगा.

आता फॉर्म्युला. दोन्ही याद्या एकाच फाइलमध्ये दोन शीटवर ठेवा, एकीचं नाव 'जुनी', दुसरीचं 'आजची'. आजच्या यादीत शेवटी एक कॉलम घाला आणि त्यात काउंटइफ (एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारा फॉर्म्युला) लिहा: पहिल्या जागी जुन्या यादीचा पूर्ण ओळख-कॉलम, दुसऱ्या जागी या ओळीचा ओळख-क्रमांक. उत्तर शून्य आलं तर ते दुकान जुन्या यादीत नव्हतं. शून्यावर फिल्टर लावा, नवी दुकानं समोर. तुमच्याकडे एक्सेल २०२१ किंवा ३६५ असेल तर फिल्टर नावाच्या फंक्शनमध्येच हा काउंटइफ घालता येतो. मग नव्या ओळी एका वेगळ्या शीटवर आपोआप उतरतात, हातानं कॉपी करायला नको.

व्हीलुकअपच वापरायचा असेल तर दोन गोष्टी बघा. चौथ्या जागी शून्य किंवा फॉल्स दिलंच पाहिजे. ती जागा मोकळी सोडली तर एक्सेल जवळपासचं उत्तर देतो, आणि ते बरोबर दिसतं म्हणून जास्त धोक्याचं. दुसरं, जुन्या यादीची रेंज डॉलरच्या खुणांनी बांधा. नाही बांधली तर फॉर्म्युला खाली ओढताना रेंजही खाली सरकते, वरच्या ओळी तिच्यातून निसटतात आणि जसजसं खाली जाल तसे एन/ए वाढत जातात. तुमचे एन/ए यादीच्या वरच्या भागात कमी आणि खाली जास्त असतील, तर कारण बहुधा हेच.

काउंटइफचा एक स्वभावही माहीत असू द्या. मॅच आणि व्हीलुकअप संख्या-मजकूर वेगळे मानतात, तर काउंटइफ उलट टोकाला जातो. संख्येसारखा दिसणारा मजकूर तो संख्या समजूनच मोजतो. त्यामुळे ००१२३ आणि १२३ त्याला एकच वाटतात. एक्सेल संख्येचे फक्त १५ अंक सांभाळतो, म्हणून पहिले १५ अंक सारखे असलेले दोन १६ अंकी क्रमांकही काउंटइफला एकच दिसतात, ते मजकूर म्हणून ठेवलेले असले तरी. परवाना क्रमांकात अक्षरं असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. पण उद्या बँक खात्यांच्या क्रमांकांवर असंच काम करायची वेळ आली तर काउंटइफ वापरू नका. दोन्ही बाजू मजकूर करून मॅच लावा. काउंटइफनं नवी नोंद जुनी ठरवली तर ती फिल्टरमध्ये येतच नाही, आणि न दिसलेली चूक शोधणं फार अवघड.

तुमच्या सेल्समनची यादी मराठीत असेल आणि तीही जुळवायची असेल, तर देवनागरीची एक खास अडचण येते. 'ॲड.' मधलं पहिलं अक्षर एका कीबोर्डवर एकच चिन्ह म्हणून पडतं, दुसऱ्यावर अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं पडतात, तिसऱ्यावर मध्ये न दिसणारा जोडकही येतो. पडद्यावर तिन्ही सारखी, लेन मात्र एक, दोन, तीन असा वेगळा येतो. 'कऱ्हाडे' मधला ऱ्ह असाच दोन तऱ्हांनी टाइप होतो. मदतीच्या कॉलममध्ये सबस्टिट्यूटनं न दिसणारे जोडक काढा, त्यांचे युनिकार क्रमांक ८२०४ आणि ८२०५, आणि नुक्त्याचा ऱ साध्या र मध्ये बदला. मूळ नाव तसंच शुद्ध राहतं, तुलनेपुरतं सोपं रूप मिळतं. तरीही सांगतो, मराठी नावांवर जुळवाजुळव नाइलाज असेल तरच करा.

नव्या ओळी सापडल्या की बरेच जण इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. हाच काउंटइफ उलटाही लावा: जुन्या यादीतली कोणती दुकानं आजच्या यादीत नाहीत? समजा मागच्या सोमवारी ४,११२ दुकानं होती, आज ४,१३९ आहेत. वरवर २७ वाढलेली दिसतात. पण काउंटइफनं ४१ नवी दाखवली आणि उलट बाजूनं १४ गेलेली दाखवली. ४,११२ मध्ये ४१ मिळवा, १४ वजा करा, ४,१३९ येतात. ताळा जुळला. हा ताळा जुळल्याशिवाय यादी पुढे पाठवू नका. जुळला नाही तर पहिल्यांदा बघा, एकाच यादीत तोच क्रमांक दोनदा आलाय का. त्यासाठी तोच काउंटइफ त्याच यादीवर लावायचा आणि एकापेक्षा जास्त आलेल्या ओळी काढायच्या. रिकाम्या ओळख-कॉलमच्या ओळीही आधीच बाजूला काढून हातानं बघा, त्यांची तुलना होऊच शकत नाही.

आलेली फाइल पूर्ण आहे का, हेही गेलेल्यांच्या आकड्यावरून कळतं. जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. हल्लीच्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ मावतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस साच्यात भरली जात होती, त्यात मर्यादेपलीकडच्या ओळी मावल्या नाहीत आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले. त्यांच्या संपर्कातल्या लोकांपर्यंत पोचायला त्यामुळे उशीर झाला. चार हजारांची यादी त्या मर्यादेच्या जवळपासही नाही, पण पाठवणाऱ्यानं फिल्टर लावलेला असताना कॉपी केली तर तुमच्याकडेही अर्धीच यादी येते, आणि मग 'गेलेली दुकानं' अचानक शेकड्यांनी दिसतात. असं दिसलं की आधी कंपनीला फोन लावा.

गेलेल्या आणि नव्या अशा दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की औषधांच्या धंद्यातली आणखी एक गोष्ट उघडी पडते. दुकानाची मालकी बदलली तर नवा परवाना घ्यावा लागतो. परवाना त्या जागेपुरताच असतो, त्यामुळे दुकान दुसऱ्या गाळ्यात गेलं तरी नवा लागतो. मुंबईत पुनर्विकासामुळे हे सारखं घडतं: इमारत पाडायला घेतली, दुकान तात्पुरतं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेलं. तुमच्या तुलनेत अशी दुकानं 'गेलेली' मध्ये जुन्या परवान्यानं आणि 'नवी' मध्ये नव्या परवान्यानं येतील. सेल्समन नव्या ग्राहकाकडे म्हणून जाईल आणि समोर नेहमीचे शेठ उभे. त्याहून महत्त्वाचं, जुन्या खात्यावर उधारी बाकी असताना नवं खातं कोऱ्या पाटीनं सुरू होईल. म्हणून १४ गेलेली आणि ४१ नवी एवढ्याच ओळींत मोबाइल नंबर जुळवून बघा. इथे मोबाइल नंबर उपयोगी पडतो, कारण ओळी थोड्या आहेत आणि प्रत्येक जोडी तुम्ही स्वतः बघून ठरवणार आहात.

दर आठवड्याला फॉर्म्युले नव्यानं लिहायचा कंटाळा येत असेल तर पॉवर क्वेरी (एक्सेलमधलंच याद्या आपोआप जोडण्याचं साधन) शिकून घ्या. एक्सेल २०१६ पासून ती आतच असते, डेटा टॅबमध्ये. दोन्ही याद्या क्वेरी म्हणून आत घ्या, मग मर्ज करा: वर आजची यादी, खाली जुनी, दोन्हींत ओळख-कॉलमवर क्लिक, आणि जोडणीच्या प्रकारात 'लेफ्ट अँटी' निवडा, म्हणजे फक्त पहिल्या यादीत असलेल्या ओळी उरतात. पुढच्या सोमवारी फाइल बदलली की रिफ्रेश केलं की झालं. पॉवर क्वेरी लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी मानते, म्हणून आधी सगळी मोठी करून घ्या. शिवाय ती स्वतःच कॉलमचे प्रकार ठरवते आणि कोडची संख्या करून टाकते. 'चेंज्ड टाइप' नावाची ती पायरी काढा किंवा तिथे मजकूर निवडा.

गुगल शीट्सची व्हर्जन हिस्टरी किंवा मायक्रोसॉफ्टचं स्प्रेडशीट कम्पेअर हे सुचवणारे भेटतील. एकाच फाइलच्या दोन आवृत्त्यांत काय बदललं हे बघायला ती साधनं चांगली आहेत. दर आठवड्याला नव्यानं बनून, क्रम बदलून येणाऱ्या यादीसाठी नाहीत. 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' तर अजिबात नको: दोन याद्या एकाखाली एक टाकून ते चालवलं की प्रत्येक दुकानाची पहिली ओळ मागे राहते, जुनी आणि नवी सरमिसळ, आणि तुम्हाला हवा असलेला फरक कायमचा पुसला जातो.

आणि एक बदल मी तुम्हाला आग्रहानं सुचवेन. फक्त मागच्या सोमवारशी तुलना करू नका. एक मुख्य यादी ठेवा, त्यात आजवर एकदाही आलेलं प्रत्येक दुकान असू द्या, आणि पुढे 'पहिल्यांदा आलं ती तारीख' आणि 'शेवटचं दिसलं ती तारीख' असे दोन कॉलम. दर सोमवारची यादी या मुख्य यादीशी ताडायची. कंपनीच्या फाइलमधून एखादं दुकान एका आठवड्यापुरतं गळतं आणि परत येतं, हे नेहमीचं आहे. मागच्याच आठवड्याशी ताडलं तर ते दर वेळी 'नवं' होऊन येतं. मुख्य यादीत ते आधीच असतं, त्यामुळे सेल्समनला फुकटची फेरी पडत नाही. सापडलेली नवी दुकानं मुख्य यादीच्या तळाशी तारखेसह जोडायची, मूळ आलेली फाइल तारखेच्या नावानं वेगळ्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवायची, तिच्यात काहीही बदलायचं नाही. दोन महिन्यांनी कुणी विचारलं की हे दुकान कधी आलं, तर उत्तर त्या फोल्डरमध्ये मिळेल.

कंपनीच्या एमआयएसवाल्यांनाही (रिपोर्ट बनवणाऱ्यांनाही) एक विनंती करून बघा. दुकान त्यांच्या सिस्टिममध्ये कोणत्या तारखेला भरलं ही माहिती बहुतेक वेळा त्यांच्याकडे असते, फक्त रिपोर्टमध्ये तो कॉलम घेतलेला नसतो. तो घ्यायला सांगा, सोबत ग्राहक-कोडही. तारीख मिळाली तरी तुलना बंद करू नका. तारखेवरून तुम्हाला आलेली दुकानं कळतील, गेलेली कळणार नाहीत, आणि उधारी अडकते ती गेलेल्यांकडे.